हजार रुपयांचा माइक आणि झाशीतली खोली

झाशीच्या सदर बाजारात मोबाइलच्या दुकानात जाऊन गाण्यासाठी माइक मागितला, की हजार-दोन हजारांत काही ना काही हातात पडतं. कॉलरला लावायचा बारका माइक, नाहीतर स्टँड, स्पंज आणि वायरीसकट खोक्यात आलेला, दिसायला थेट स्टुडिओतल्यासारखा मोठा माइक. घरी येऊन माणूस हौसेनं एखादा अभंग म्हणतो, ऐकतो आणि हिरमुसतो. आवाज पोकळ, लांबून आल्यासारखा वाटतो. मग ठरलेला निष्कर्ष निघतो: माइक स्वस्त, म्हणून आवाज असा.

हा निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचा असतो. त्यामुळे लोक पुढचे दहा हजार भलत्या जागी घालतात, किंवा रेकॉर्डिंगचा नादच सोडून देतात. मला दुसरी गोष्ट जास्त लागते. मराठा सुभेदार नारोशंकरांच्या काळापासून, म्हणजे अठराव्या शतकाच्या मध्यापासून, झाशीत मराठी कुटुंबं नांदत आली आहेत. अशा घरांतली आरतीची वळणं, मंगळागौरीची गाणी, पाळणे रेकॉर्ड करायला कुठली कंपनी येणार नाही. ती घरच्या माइकवर टिकली तर टिकतील. म्हणून या गैरसमजांकडे नीट बघायला हवं.

पहिला आणि सगळ्यात घट्ट बसलेला गैरसमज म्हणजे चांगला आवाज महागड्या माइकमधूनच येतो. नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग कलकत्त्याला आला आणि एका हॉटेलच्या खोलीत त्यानं गौहर जान यांचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. तिथे माइक नव्हताच. गायिका एका कर्ण्यात तोंड घालून गात होती आणि आवाजाच्या धक्क्यानं सुई मेणावर रेघ ओढत होती. विजेवर चालणारा माइक ध्वनिमुद्रणात आला तो १९२५ च्या सुमारास. तरीही त्या तबकड्या आजही ऐकल्या जातात. अलीकडची उदाहरणंही आहेत. १९८२ च्या 'थ्रिलर' अल्बमसाठी ध्वनिमुद्रक ब्रूस स्वीडियन यांनी मायकल जॅक्सनचा आवाज शुअर कंपनीच्या एसएम ७ या डायनॅमिक माइकवर घेतला. स्टुडिओत त्याहून कितीतरी महागडे माइक होते. बिली आयलिशचा २०१९ चा अल्बम तिच्या भावाच्या झोपायच्या खोलीत रेकॉर्ड झाला आणि २०२० मध्ये त्याला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा ग्रॅमी मिळाला. मात्र हे उदाहरण देणारे एक गोष्ट गाळतात. त्या अल्बमचं शेवटचं मिक्सिंग अनुभवी इंजिनिअरनं केलं होतं. खोली घरची होती, कान तयार होते.

स्वस्त माइकला मर्यादा नाहीत असं मी म्हणणार नाही. त्याची स्वतःची बारीक खरखर जास्त असते, म्हणून हळू, कुजबुजत्या गायनाला तो कमी पडतो. बऱ्याच स्वस्त कंडेन्सर माइकांत वरच्या पट्ट्यातला आवाज मुद्दाम उठवलेला असतो, त्यानं 'स' आणि 'श' टोचतात. पण मोकळ्या गळ्यानं, जवळून गायलेल्या भजनात ही खरखर झाकली जाते आणि टोचणं नंतर कमी करता येतं. खोलीचा घुमारा मात्र एकदा आवाजात मिसळला की तो काढून टाकणं जवळजवळ अशक्य असतं.

म्हणून खोलीकडे यायला हवं. आपल्याकडची नेहमीची खोली म्हणजे प्लास्टरच्या चार भिंती, सिमेंटचं छत, खाली फरशी. सगळे पृष्ठभाग टणक. तुम्ही भिंतीपासून अर्ध्या मीटरवर उभे असाल तर आवाज भिंतीवर आपटून परत यायला साधारण ३ मिलिसेकंद लागतात. हा परतलेला आवाज मूळ आवाजात मिसळतो, काही कंपनं एकमेकांना मारतात, काही फुगतात. आपल्याला ऐकू येणारा डबा वाजवल्यासारखा पोकळपणा हाच. माइक दहा पट महाग घेतला तरी तो हा पोकळपणा तितक्याच इमानदारीनं टिपणार, कदाचित जास्तच, कारण तो अधिक संवेदनशील असेल.

यावर भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवायचा उपाय गावोगाव सांगितला जातो. तो कामाचा नाही. ट्रेचा पुठ्ठा पातळ आणि हलका असतो. तो वरच्या पट्ट्यातला थोडा आवाज विखुरतो, खालच्या पट्ट्याला हातही लावत नाही आणि बाहेरचा आवाज तर अजिबात थांबवत नाही. बाजारातल्या पातळ फोमच्या चौकोनांचंही तेच. १०० हर्ट्झच्या आवाजाची लाट जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते. एक इंचाचा फोम तिला काय अडवणार? बाहेरचा आवाज अडवायला वजन लागतं, म्हणजे जाड भिंत, भरीव दरवाजा, फटी बुजवलेल्या खिडक्या. आतला घुमारा शोषायला जाड, सच्छिद्र, मऊ वस्तू लागते, आणि ती घरात आधीच असते. थंडीतल्या कापसाच्या रजया, गोधड्या, घोंगडी, कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट. दोन रजया दोरीवर टाका, एक पाठीमागे आणि एक बाजूला. पाठीमागची जास्त महत्त्वाची, कारण माइकचं तोंड तुमच्याकडे असतं आणि तुमच्या मागच्या भिंतीवरून परतणारा आवाज थेट त्याच्यात शिरतो. रजई भिंतीला चिकटवू नका, वीतभर पुढे ठेवा, म्हणजे ती आणखी खालच्या पट्ट्यापर्यंत आवाज शोषते. खाली सतरंजी. खोलीच्या बरोबर मधोमध उभं राहणं टाळा.

बाहेरच्या आवाजाचं मात्र रजईनं काही होत नाही. सदर बाजारासारख्या वस्तीत दिवसभर हॉर्न, ई-रिक्षा, दुकानांची शटरं आणि जनरेटर चालूच असतात. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा कूलर बंद करून गाणं ही शिक्षाच. इथे उपाय तांत्रिक नाही, वेळेचा आहे. पहाटे पाच ते साडेसहा. पंखा आणि कूलर एकेका कडव्यापुरते बंद करायचे, कडवं झालं की परत लावायचे. सगळं गाणं एका दमात रेकॉर्ड व्हायला हवं असा कुठे नियम आहे?

आता अंतर. फुकटातली सगळ्यात मोठी सुधारणा इथे होते आणि याच्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की माइकपर्यंत पोचणारा आवाज साधारण ६ डेसिबलनं वाढतो. खोलीचा घुमारा मात्र तेवढाच राहतो. दोन फुटांवरून वीतभर अंतरावर आलात तर तुमचा आवाज घुमाऱ्याच्या तुलनेत साधारण ८-९ डेसिबल पुढे येतो. अंतरानं काय होतं हे जुन्या लोकांना पक्कं ठाऊक होतं. १९४९ च्या 'महल'मधल्या 'आयेगा आनेवाला'च्या सुरुवातीला आवाज दुरून जवळ येत जातो. त्यासाठी लता मंगेशकर खोलीच्या कोपऱ्यातून गात गात माइककडे चालत आल्या होत्या, ही आठवण त्यांनी स्वतः सांगितलेली आहे. तिथे दूरपणा हवा होता म्हणून त्या दूर उभ्या राहिल्या. आपण दोन फुटांवर उभे राहतो ते अंदाज नसल्यामुळे.

फार जवळ गेलं तर दोन अडचणी येतात. एका दिशेनं ऐकणाऱ्या माइकवर खर्ज फुगतो. आणि प, फ, ब, भ यांची हवा माइकवर आदळून धप्प आवाज येतो. आपल्या भाषांत महाप्राण व्यंजनं भरपूर, त्यामुळे इंग्रजीतले शिकवणीचे व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांना हा त्रास अपेक्षेपेक्षा जास्त होतो. वीतभर अंतर, माइक ओठांच्या थोडा बाजूला आणि त्याचं तोंड आपल्याकडे वळवलेलं, मध्ये जाळीचा पॉप फिल्टर. एवढ्यानं निभावतं. तार सप्तकात जाताना मान किंचित मागे घ्यायची. कॉलरचा बारका माइक बहुधा सगळ्या दिशांनी ऐकतो, त्यात खर्ज फुगत नाही, पण खोली जास्त येते. तो छातीवर न लावता स्टँडला किंवा पुस्तकांच्या चळतीला बांधून तोंडासमोर आणला तर तोच माइक ओळखू येणार नाही इतका सुधारतो.

खोक्यातल्या मोठ्या माइकबद्दल एक गोष्ट दुकानात सांगत नाहीत. या धाटणीच्या अनेक माइकांना नीट चालायला ४८ व्होल्टचा वीजपुरवठा लागतो, ज्याला फँटम पॉवर म्हणतात. सोबतची वायर थेट लॅपटॉपच्या किंवा मोबाइलच्या हेडफोनच्या भोकात घातली तर जेमतेम काही व्होल्ट मिळतात. आवाज बारीक येतो, तो वाढवला की खरखरही वाढते आणि दोष मात्र माइकला लागतो. फँटम पॉवर देणारा साधा ऑडिओ इंटरफेस घ्या, नाहीतर पहिल्यापासून यूएसबी माइक घ्या. लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर गुणगुण थांबली, तर दोष चार्जरमध्ये किंवा घराच्या अर्थिंगमध्ये आहे. अशा वेळी बॅटरीवर रेकॉर्ड करा.

'आवाज जितका मोठा भरेल तितका चांगला', ही समजूत टेपच्या जमान्यातली. टेपची सरसर झाकायला तेव्हा पातळी वर ठेवावी लागे. आता २४ बिटवर रेकॉर्ड करताना सगळ्यात मोठी तान उणे १० डेसिबलच्या आसपास राहिली तरी काही बिघडत नाही. मीटर शून्याला लागून आवाज फाटला, तर ती तान परत गावी लागते. तसंच ९६ किलोहर्ट्झच्या मागे धावू नका. माणसाचा कान फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, आणि ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झ त्याला पुरतात.

ब्लूटूथ इयरफोन लावून गाणाऱ्यांनी हे वाचावंच. ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा पोचतो, ताल सुटतो. इयरफोनचाच माइक वापरला तर बहुतेक फोन 'कॉल'च्या पद्धतीवर जातात आणि वरचा सगळा पट्टा कापला जातो. वायरचे, कान झाकणारे हेडफोन हवेत, म्हणजे कानात वाजणारा तानपुरा माइकमध्ये गळत नाही. फोनच्या रेकॉर्डरमध्ये गोंगाट कमी करणारी सोय चालू असेल तर ती बंद करा. ती बोलण्यासाठी बनवलेली असते. सलग, स्थिर आवाज म्हणजे गोंगाट, असं ती मानते. लांबवलेला षड्ज आणि तानपुरा तिच्या लेखी गोंगाटच!

सॉफ्टवेअरबद्दल थोडक्यात. ऑडॅसिटी फुकट आहे, रीपरची घरगुती परवान्याची किंमत ६० डॉलर आहे, आणि आवाजाची मूलभूत कामं दोन्हींत होतात. आवाज मोनोमध्येच घ्या, एका माइकला स्टिरिओचा उपयोग नाही. आधी ८० हर्ट्झच्या खालचं कापा, म्हणजे रस्त्याचा आणि रेल्वेचा घरघराट जाईल. पुरुषी खर्ज असेल तर आणखी जपून कापा. मग २०० ते ४०० हर्ट्झमधला गढूळपणा दोन-तीन डेसिबल उतरवा. त्यावर हलका कॉम्प्रेसर, तीनास एक या प्रमाणात, म्हणजे कुजबुज आणि तान यांतली दरी थोडी बुजते. रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमारा, शेवटी आणि जपून. रिव्हर्बनं खोलीचे दोष झाकले जातात हाही गैरसमजच. घुमाऱ्यावर घुमारा चढवला की शब्द बुडतात, आणि अभंगात शब्द बुडाले तर उरलं काय?

ऑटोट्यूनबद्दल मला जरा आग्रहानं बोलायचं आहे. तेलाच्या शोधासाठी भूकंपलहरींच्या नोंदी वाचणाऱ्या अँडी हिल्डेब्रँड यांनी ते बनवलं आणि १९९७ मध्ये ते बाजारात आलं. ते बेसुऱ्याला सुरेल करतं अशी समजूत आहे. प्रत्यक्षात ते प्रत्येक सुराला बारा ठरलेल्या घरांपैकी जवळच्या घरात ढकलतं. आपल्या गाण्यात सूर घरांच्या मधूनही चालतो. मींड, आंदोलन, गंधाराची थोडी उतरलेली जागा, हे सगळं त्याला चूक वाटतं आणि ते पायऱ्या पाडतं. नाट्यगीत, अभंग, बुंदेली फाग यांवर ते लावू नये. एखादा सूर खरंच घसरला असेल तर तेवढीच ओळ पुन्हा गा. फोनच्या तानपुऱ्यावर आपली पट्टी, काळी दोन असो की काळी पाच, नक्की लावून अर्धा तास आधी गळा तापवला, तर निम्म्या दुरुस्त्या लागतच नाहीत.

शेवटी, आवाज मोठा करून चढवला की यूट्यूबवर तो उठून दिसतो, हेही खरं नाही. यूट्यूब आणि स्पॉटिफाय साधारण उणे १४ एलयूएफएस या पातळीला गाणी समतल करतात. त्याहून मोठं केलेलं गाणं ते स्वतःच खाली ओढतात, आणि दाबून चेपलेला आवाज तसाच चेपलेला राहतो.

झाशीत, ग्वाल्हेरला, इंदूरला ज्यांच्या घरी जुनी गाणी म्हणणारी आजी, आत्या, काकू आहे, त्यांना एक विनंती. नव्या माइकसाठी थांबू नका. येत्या रविवारी पहाटे कपाटातल्या रजया काढा, फोन किंवा असेल तो माइक आजी-आत्यांच्या तोंडापासून वीतभर ठेवा आणि त्यांना गाऊ द्या. मूळ फाइल एमपी३ न करता वेव्ह स्वरूपात दोन वेगळ्या जागी जपून ठेवा. संपादन नंतर कधीही करता येईल.