गळक्या पाइपातून घाण आतही शिरते

उन्हाळ्यात नळ दिवसाआड येऊ लागला की चंद्रपूर-गडचिरोलीकडे घरोघरी टिल्लू पंप बाहेर निघतो. नळाला पाइप जोडायचा, बटण दाबायचे आणि शेजाऱ्याच्या आधी टाकी भरून घ्यायची. त्यावरून होणारी भांडणे सगळ्यांना ठाऊक आहेत. हा पंप पाण्यासोबत आणखी काय ओढतो, याकडे मात्र फारसे कुणी पाहत नाही.

जलवाहिनीत दाब असतो तोवर तडा गेलेल्या पाइपातून पाणी बाहेर गळते. पुरवठा थांबला की पाइप रिकामा होतो, आत पोकळी तयार होते आणि बाहेरचे पाणी त्याच फटीतून आत शोषले जाते. शेजारून नाली वाहत असेल किंवा शौचालयाच्या टाकीचा पाझर येत असेल, तर तोही आत येतो. टिल्लू पंप ही पोकळी पुरवठा सुरू असतानाच तयार करतो. पंप एका घराचा, पण घाण गल्लीतल्या कुणाच्याही हंड्यात जाऊ शकते.

दाब कमी म्हणून अंगणात खड्डा करून नळ जमिनीच्या खाली बसवण्याची पद्धतही गावोगावी आहे. पावसाळ्यात तो खड्डा भरतो. भांडी घासल्याचे पाणी, चिखल, कोंबड्यांची विष्ठा सगळे त्यात उतरते. नळाची तोटी अशा पाण्यात बुडालेली असताना पुरवठा बंद झाला, तर ते पाणी उलटे वाहिनीत जाते. तोटी नसेल तर विचारायलाच नको. खड्डा बुजवता येत नसेल तर निदान नळ उंच घ्यावा आणि तोटी बसवावी. खर्च फार नाही.

पाइप फुटतात कशाने? वरोरा, राजुरा, कोरपना या पट्ट्यातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात पुरलेला पाइप दरवर्षी वर-खाली ढकलला जातो आणि सांधे सैल होतात. गच्चीवरच्या पाइपाची गोष्ट वेगळी. साधा पीव्हीसी पाइप 45 अंशांपुढच्या पाण्यासाठी बनवलेला नसतो. चंद्रपुरात मे महिन्यात हवेचाच पारा 47 च्या आसपास जातो, मग उघड्या पाइपातल्या पाण्याचे काय होत असेल! शिवाय ऊन थेट पडून प्लास्टिक ठिसूळ होते. गच्चीवरचा पाइप झाकावा किंवा रंगवावा. गीझर आणि सौर बंबाच्या गरम पाण्यासाठी सीपीव्हीसीच घ्यावा, तिथे चार पैसे वाचवण्यात शहाणपण नाही.

दूषित पाण्याने हगवण, कॉलरा, विषमज्वर होतो हे लोकांना माहीत असते. काविळीचा आणि नळाचा संबंध मात्र चटकन लक्षात येत नाही, कारण हिपॅटायटिस ई चा विषाणू शरीरात गेल्यावर लक्षणे दिसायला दोन ते दहा आठवडे लागतात. तोवर फुटलेला पाइप दुरुस्त होऊन विसरलाही गेलेला असतो. दिल्लीत 1955-56 मध्ये यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळल्यानंतर सुमारे 29 हजार लोकांना कावीळ झाली होती. आपल्याकडे इचलकरंजीने 2012 मध्ये अशी मोठी साथ पाहिली. बहुतेक रुग्ण आपोआप बरे होतात. गरोदर बाईला शेवटच्या तीन महिन्यांत हा आजार झाला, तर मात्र तो जिवावर बेतू शकतो. अशा घरात गरोदर बाईला, सांडपाणी मिसळल्याचा संशय असेल त्या काळात, उकळलेलेच पाणी द्यावे. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, तर झाडपाल्याच्या औषधात दिवस न घालवता तिला थेट दवाखान्यात न्यावे.

घरातल्या भिंतीत लपलेली गळती ओळखणे अवघड नाही. रात्री सगळ्या तोट्या बंद करून मीटरचा काटा पाहावा. सकाळपर्यंत तो सरकला, तर पाणी कुठेतरी झिरपते आहे. मीटर नसेल तर टाकीच्या आतल्या बाजूला पाण्याच्या पातळीची खूण करून ठेवावी आणि रात्रभर टाकीत पाणी येऊ देऊ नये. सेकंदाला एक थेंब गळला तरी दिवसाकाठी साधारण 20 लिटर पाणी जाते. भिंतीवर ओल, फुगलेला रंग, कपाटामागे बुरशीचा वास या खुणा दिसल्या की रंगाऱ्याच्या आधी नळकारागीर बोलवावा. ओल्या भिंतीत विजेची तार असेल तर धोका दुप्पट होतो. नळाला किंवा भिंतीला हात लावताच झिणझिण्या आल्या, तर पुन्हा हात लावून खात्री करत बसू नये. मुख्य स्विच बंद करून वायरमन बोलवावा.

पाण्याला नेहमीपेक्षा वेगळा वास आला, पहिली बादली गढूळ आली किंवा रस्त्याचे, नालीचे खोदकाम नुकतेच झाले असेल, तर ते पाणी पिण्यासाठी भरू नये. मात्र पाणी स्वच्छ दिसते म्हणून ते शुद्ध असेलच असे नाही. ग्रामपंचायतीकडे ओटी चाचणी करता येते. नमुन्यात औषधाचे थेंब टाकले आणि पिवळा रंग आला, तर पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे. टाकीवर ब्लिचिंग टाकूनही गावाच्या टोकाच्या घरी हा रंग येत नसेल, तर क्लोरीन वाटेत संपते आहे, आणि वाटेत घाण मिसळणे हे त्याचे एक कारण असू शकते. म्हणून नमुना टाकीजवळच्या घरातून नव्हे, शेवटच्या घरातून घ्यायला सांगावे.