गोखल्यांचे मीठ आणि कंपन्यांचा कर

अर्थसंकल्पाचा दिवस उजाडला की आपल्या घरांतून ठरावीक प्रश्न विचारले जातात. काय महागले, काय स्वस्त झाले, आणि प्राप्तिकराची मर्यादा कुठवर गेली? संध्याकाळपर्यंत या प्रश्नांची उत्तरे मिळाली की तो विषय पुढील वर्षापर्यंत मिटतो. पण अलीकडच्या काळातील करविषयक सर्वांत मोठा निर्णय अर्थसंकल्पात झालाच नाही. तो शुक्रवार, २० सप्टेंबर २०१९ रोजी सकाळी गोव्यात पत्रकारांसमोर जाहीर झाला आणि त्याच दिवशी वटहुकुमाने अमलात आला. संसदेची मोहर त्यावर उमटली ती डिसेंबरात.

त्या दिवशी वस्तू व सेवा कर परिषदेच्या बैठकीसाठी राज्याराज्यांचे मंत्री गोव्यात जमले होते. बैठक सुरू होण्यापूर्वीच अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी घोषणा केली, की इतर सवलती सोडून देणाऱ्या कंपन्यांचा कर ३० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर येईल. १ ऑक्टोबर २०१९ नंतर स्थापन होणाऱ्या नव्या उत्पादक कंपन्यांना तर केवळ १५ टक्के पडेल. सरकारी तिजोरीला यामुळे वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी रुपयांचा खड्डा पडेल, असा अंदाज सरकारनेच दिला. मुंबईच्या शेअर बाजाराचा निर्देशांक त्या एका दिवसात १,९२१ अंकांनी वधारला. कंपनीकराचा विषय परिषदेच्या अखत्यारीतला नव्हे, त्यामुळे जमलेल्या मंत्र्यांना कोणी काही विचारण्याचा प्रश्नच नव्हता. परंतु केंद्राच्या विभाज्य करांचा सुमारे दोन-पंचमांश वाटा राज्यांना मिळत असतो. म्हणजे सवलत दिल्लीने दिली आणि तिचा बराचसा भार कर्नाटक, मध्य प्रदेश, गुजरात, तेलंगण अशा सर्व राज्यांच्या शाळा-दवाखान्यांच्या पैशांवर पडला. मंत्री मात्र त्याच गावी पलीकडच्या सभागृहात दुसऱ्याच करांची चर्चा करीत होते!

ही सवलत नेमकी कोणाला मिळाली, हे पाहण्यासारखे आहे. त्याच वर्षी ५ जुलैच्या अर्थसंकल्पात ४०० कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असणाऱ्या कंपन्यांचा दर २५ टक्क्यांवर आणला गेला होता. देशातील ९९.३ टक्के कंपन्या त्यात येतात, उरतात त्या फक्त ०.७ टक्के, असे अर्थमंत्र्यांनीच तेव्हा सांगितले होते. अधिभार व उपकर धरता लहान कंपनीला त्या वेळी साधारण २६ टक्के कर पडे, तो सप्टेंबरनंतर २५.१७ झाला. बड्या कंपनीला पडे ३४.९४ टक्के, तोही २५.१७ झाला. लहानाला शंभर रुपयांमागे रुपयाही सुटला नाही. मोठ्याला पावणेदहा रुपये सुटले. पणजीची भेट मुख्यत्वे त्या ०.७ टक्क्यांसाठी होती, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

आता आपल्या ओळखीचे एक उदाहरण घेऊ. इंदूरच्या राजवाड्याजवळ म्हणा, बडोद्याच्या मांडवीत म्हणा, नाही तर बेळगावच्या खडेबाजारात म्हणा, दोघा भावांची कापडाची किंवा भांड्यांची जुनी पेढी असते. ती भागीदारी पेढी, कंपनी नव्हे. तिच्या नफ्यावर ३० टक्के कर आणि त्यावर उपकर, मिळून ३१.२० टक्के. २०१९ पूर्वी बडी कंपनी या पेढीपेक्षा अधिक दराने कर भरीत असे. आता कमी दराने भरते. क्रमच उलटला. सनदी लेखापाल येथे हरकत घेतील, की कंपनीच्या भागधारकाला लाभांशावर पुन्हा कर द्यावा लागतो, भागीदाराला आपल्या हिश्श्यावर तो पडत नाही. शिवाय भागीदारांचा मेहनताना नफ्यातून आधीच वजा होतो. हरकत रास्त आहे. परंतु नफा न वाटता धंद्यातच गुंतवायचा, आणि सवलतीचा हेतू तर तोच होता, तेव्हा कंपनीजवळ शंभरातले पंचाहत्तर रुपये उरतात आणि पेढीजवळ एकोणसत्तर. चार माणसांना काम देणाऱ्या पेढीला ही गुंतवणुकीची सवलत का नसावी, याचे समाधानकारक उत्तर माझ्या वाचनात आलेले नाही.

सरकारची बाजूही ऐकली पाहिजे. आपले दर शेजारच्या आशियाई देशांपेक्षा अधिक होते. चीनमधून बाहेर पडू पाहणारे कारखाने येथे यावेत, सवलतींचे जंजाळ सुटून दर सरळ व्हावेत, कंपन्यांच्या हाती पैसा उरून त्यांनी नवे कारखाने काढावेत आणि त्यातून रोजगार वाढावा, अशी ही विचारसरणी होती. उजव्या अर्थविचाराचे हे जुने सूत्र आहे. त्यावरचा आक्षेपही तितकाच जुना, आणि मला तो अधिक पटतो. कारखानदार नवे यंत्र केव्हा घेतो? कर कमी झाला म्हणून नव्हे, तर माल खपेल अशी खात्री वाटली म्हणून. २०१९ च्या त्या तिमाहीत कारखान्यांची सुमारे ३० टक्के क्षमता पडून होती. पाच रुपयांच्या बिस्किटपुड्यालादेखील खेड्यापाड्यांत गिऱ्हाईक मिळेना, असे वृत्तपत्रे लिहीत होती. जात्यात घालायला दाणे नाहीत, तेथे दुसरे जाते कोण विकत घेईल?

पुढे काय झाले ते सर्वांना माहीत आहे. सहा महिन्यांत करोनाची साथ आली, आणि त्या काळातील मंदीचे खापर कोणी करसवलतीवर फोडू नये. परंतु साथ ओसरल्यावरचा हिशेबही फारसा वेगळा नाही. संसदेच्या अंदाज समितीपुढे आलेल्या आकड्यांनुसार पहिल्या दोन वर्षांत सुमारे १ लाख ८४ हजार कोटींचा महसूल गेला. सप्टेंबर २०२२ मध्ये खुद्द अर्थमंत्र्यांनीच उद्योगपतींना विचारले, की तुम्हांला अडवते आहे तरी काय? आपल्या सामर्थ्याचा विसर पडलेल्या हनुमंताप्रमाणे तुम्हांला कोणी शेजारी उभे राहून ‘तू हनुमान आहेस’ असे सांगावे लागते काय? दृष्टान्त मोठा मार्मिक होता. फक्त रामायणातल्या हनुमंताने उड्डाणापूर्वी कोणाकडून सवलत घेतल्याचे ऐकिवात नाही. नवे रस्ते, रेल्वे, पूल यांवरचा खर्च अखेरीस सरकारलाच वाढवावा लागला. केंद्राचा भांडवली खर्च २०१९-२० मध्ये सुमारे ३ लाख ३६ हजार कोटी होता; २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात त्यासाठी १० लाख कोटींची तरतूद झाली.

नफा मात्र आला. जुलै २०२४ च्या आर्थिक पाहणीत सरकारच्याच अर्थसल्लागारांनी नोंदवले, की २०२० ते २०२३ या आर्थिक वर्षांत तेहतीस हजारांहून अधिक कंपन्यांचा करपूर्व नफा जवळपास चौपट झाला. नोकरभरती आणि वेतन त्या मानाने वाढले नाही. पुढल्या पाहणीतले आकडे तर अधिक बोलके आहेत: २०२३-२४ मध्ये बड्या कंपन्यांचा नफा २२.३ टक्क्यांनी वाढला, नोकऱ्या वाढल्या १.५ टक्क्याने. हे विरोधी पक्षाच्या पत्रकात छापलेले नाही, सरकारी प्रकाशनात छापलेले आहे.

तिजोरीतला खड्डा भरला कोणी? २०१८-१९ मध्ये कंपन्यांकडून सुमारे ६ लाख ६३ हजार कोटी आणि व्यक्तींकडून पावणेपाच लाख कोटी प्राप्तिकर येत असे. २०२३-२४ मध्ये व्यक्तींचा कर सुमारे १० लाख ४५ हजार कोटी झाला आणि कंपन्यांचा ९ लाख ११ हजार कोटी. मासिक पगारातून कर कापून घेणारा शिक्षक, परिचारिका, बँकेतला कारकून, हे सारे मिळून आता कंपन्यांच्या पुढे गेले. जो कोणताही प्राप्तिकर भरत नाही तोही सुटला नाही. मे २०२० मध्ये जगात खनिज तेल मातीमोल झाले असताना पेट्रोलवरचा उत्पादन शुल्काचा बोजा लिटरला १० रुपयांनी आणि डिझेलवरचा १३ रुपयांनी वाढवण्यात आला. (तो २०२१ आणि २०२२ मध्ये दोन टप्प्यांत उतरला, हेही नमूद करायला हवे.) १८ जुलै २०२२ पासून लेबल लावलेल्या पिशवीबंद पिठावर, तांदळावर, दह्यावर, गुळावर आणि पोह्यांवरदेखील ५ टक्के कर बसला. पोह्यांवर! माळव्यातल्या वाचकांना याहून अधिक सांगायला नको.

येथे गोपाळ कृष्ण गोखल्यांची आठवण होते. २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्याच्या कायदेमंडळात त्यांनी अर्थसंकल्पावरचे आपले पहिले भाषण केले. इंग्लंडात तेव्हा हुजूर पक्षाचे सरकार होते, येथे लॉर्ड कर्झन. सरकारी हिशेबात भरघोस शिल्लक दिसत होती आणि तिचा अभिमान मिरवला जात होता. अंकगणिताचे पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्या या प्राध्यापकाने सरकारचेच आकडे घेऊन दाखवून दिले, की ही शिल्लक समृद्धीची नव्हे, दुष्काळात होरपळलेल्या रयतेकडून गरजेपेक्षा जास्त कर घेतल्याची खूण आहे. त्यांचा विशेष रोख होता मणामागे अडीच रुपये असलेल्या मिठावरील करावर. मीठ श्रीमंत आणि गरीब सारखेच खातात. म्हणून तो कर गरिबाच्या मिळकतीचा मोठा लचका तोडतो. पुढल्याच वर्षी तो २ रुपयांवर आला, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये १ रुपयावर. गोखल्यांचा हा युक्तिवाद पिशवीतल्या पिठाला शब्दशः लागू पडतो.

हा प्रयोग इतरत्रही फसलेला आहे. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात २०१२ मध्ये गव्हर्नर ब्राउनबॅक यांनी असाच करकपातीचा धडाका लावला. भरभराट तर आली नाहीच. महसूल आटला आणि पैशांअभावी काही शाळा वेळेआधी बंद कराव्या लागल्या. २०१७ मध्ये त्यांच्याच पक्षाचे बहुमत असलेल्या विधिमंडळाने त्यांचा नकाराधिकार डावलून ती कपात रद्द केली.

आपल्याकडे तसे झाले नाही. तथापि रोख थोडा बदलला. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पाने नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर उरणार नाही अशी सोय केली, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे बरेच दर उतरले. लोकांच्या हाती पैसा राहिला तर खरेदी वाढेल, असे कारण त्या वेळी देण्यात आले. २०१९ मध्ये टीकाकार हेच सांगत होते. कंपन्यांचा २२ टक्के दर मात्र आहे तेथेच राहिला, आणि खडेबाजारातल्या त्या दोघा भावांच्या पेढीचा ३० टक्के दरही २०२५ च्या अर्थसंकल्पात तसाच राहिला.