उन्हानं जुनी झालेली होडी

सिंदफणा नदी पाटोदा तालुक्यातल्या चिंचोलीच्या डोंगरात उगम पावते, शिरूर कासारवरून खाली माजलगावच्या धरणात उतरते आणि मंजरथजवळ गोदावरीला मिळते. तिच्यावरच्या सिंदफणा मध्यम प्रकल्पात आणि आसपासच्या तलावांत पाणी असेल त्या वर्षी रोहू, कटला, मृगळचं बीज सोडलं जातं, जाळी पडतात, होड्या फिरतात. पाऊस रुसला की तलाव आटतो आणि होडी काठावरच्या दगडांवर येते. मग एक उन्हाळा, कधी दोन, ती तिथंच पडून राहते.

कोकणातली होडी पाण्यानं म्हातारी होते. आपल्याकडची उन्हानं होते. शिरूरसारख्या ठिकाणी फायबरची जुनी होडी पुन्हा उभी करायची तर आराखड्याची सुरुवात या फरकापासून करायला हवी, कारण नुकसान कुठं शोधायचं हे त्यावरच ठरतं.

फायबरची होडी म्हणजे काचेच्या बारीक तंतूंचं कापड आणि त्याला धरून ठेवणारं रेझिन. ताण काच सोसते, आकार रेझिन सांभाळतं. अमेरिकेत ओहायोतल्या टोलेडो शहरात रे ग्रीन यांनी १९४२ साली पॉलिएस्टर रेझिन वापरून अशी छोटी नाव घडवली; तेव्हापासून लाकडी होडीची जागा हळूहळू या पदार्थानं घेतली. आपल्या देशात कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेनं समुद्राबरोबरच तलावांसाठीही लहान फायबर होड्यांवर काम केलं. वाळवी लागत नाही, दरवर्षी डांबर नको, दोघा-चौघांना उचलता येते, एवढ्या गुणांवर ती गावोगावच्या मच्छीमार संस्थांच्या दारात पोचली. मात्र ‘फायबरला काही होत नाही’ हा समजही तिच्याबरोबरच आला. तो खोटा आहे.

तळहात होडीच्या अंगावरून फिरवा. पांढरी भुकटी हाताला लागली तर वरचा जेलकोट उन्हानं मेला आहे. हा थर जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. तो झिजला की काचेचे तंतू उघडे पडतात आणि पुढच्या पावसाळ्यात त्या तंतूंमधून पाणी आत शिरतं. पुढं नाण्यानं किंवा लहान लाकडी हातोडीनं वीत-वीत अंतरावर ठोकत जायचं. खणखणीत आवाज आला तर थर एकजीव आहेत. बद्द आवाज आला तर आत सुटले आहेत. तिथं खडूनं खूण करायची आणि वहीत होडीचं चित्र काढून तीच खूण तिथंही करायची. तळाला फोड असतील तर एखादा फोडून पाहावा. आंबट, व्हिनेगरसारखा वास येणारं पाणी निघालं तर ओल फार आधीपासून मुरली आहे. दगडांवर टेकलेल्या जागा विशेष तपासाव्यात. महिनोन्‌महिने दोन-तीन टोकांवर भार पडला की तळ आत दबतो आणि तिथून चांदणीसारख्या चिरा फुटतात.

सर्वांत फसवी जागा मागची, इंजिन टांगायची उभी फळी. बाहेरून फायबर दिसतं, आत बहुतेक होड्यांत प्लायवूड असतं. बोल्टच्या भोकातून गेलेलं पाणी ते कुजवतं आणि बाहेर कळत नाही. खालच्या अंगाला बारीक भोक पाडून भुसा बघावा: कोरडा, फिका असेल तर ठीक, काळा, ओला आला तर फळी बदलायची असं आत्ताच लिहून ठेवावं. नुसता पत्रा ठोकून इंजिन लावणं म्हणजे भर पाण्यात इंजिन गमावण्याची तयारी.

दुसरी गोष्ट लोकांना पटत नाही, पण ती जिवाशी जोडलेली आहे. लाकडी होडी भरली तरी तरंगते. फायबरचं कवच पाण्यापेक्षा जड असतं, ते भरलं की तळाला जातं. तिला वाचवतात नाळेतले आणि मागचे बंद कप्पे, हवेचे किंवा फोमचे. जुन्या होडीत हा फोम ओल पिऊन बसलेला असतो. शंका असेल तर ट्रॉलीसकट होडी वजनकाट्यावर न्या, ट्रॉलीचं वजन वजा करा, होडी कप्पे उघडून काही आठवडे सावलीत वाळवा आणि पुन्हा तोला. मोठा फरक आला की उत्तर मिळालं. फोम बदलताना थर्माकोल भरण्याचा मोह होतो, कारण तलावावर त्याचे तराफे रोज दिसतात. पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीननं थर्माकोल विरघळतो. तिथं पॉलियुरेथेन फोमच हवा.

आता सामानाचा हिशेब. जिथं भोक किंवा सुटलेला थर आहे तिथली कड तासून उतार द्यावा लागतो. कवच ६ मिलिमीटर जाड असेल तर बारापट, म्हणजे चहूबाजूंनी सुमारे ७२ मिलिमीटर. वरून ठिगळ चिकटवलं तर ते पहिल्याच धक्क्याला उचकटतं. एक चौरस मीटरवर ४५० ग्रॅमच्या काचेच्या मॅटचे तीन थर घालायचे तर मॅट साधारण १.३५ किलो आणि रेझिन तीन किलो लागेल. रेझिन नेहमीचं पॉलिएस्टर की इपॉक्सी, हे खरेदीआधी ठरवा. इपॉक्सी जुन्या फायबरला जास्त घट्ट धरतं, पण महाग आहे, साध्या मॅटशी नीट जुळत नाही आणि त्यावर नेहमीचा जेलकोट बसत नाही. तलावावरच्या होडीला, नीट तासून, पॉलिएस्टर पुरतं असं माझं मत आहे. मागच्या फळीसाठी मात्र इपॉक्सीचा खर्च सोसावा.

वेळेबाबत आपला प्रदेश सोयीचाही आहे आणि अडचणीचाही. हवा कोरडी, हे फायद्याचं. ओल असली की रेझिन बिघडतं. पण तलाव आटतो चैत्र-वैशाखात आणि तेव्हाच्या चाळीस अंशांत डब्यातलं रेझिन ब्रश बुडवण्याआधी घट्ट होतं. म्हणून तपासणी आणि फळी काढणं हिवाळ्यात, थर देण्याचं काम माघ-फाल्गुनात, सावलीत, पहाटे, थोडं-थोडं कालवून. रेझिन घट्ट करणारा हार्डनर एक ते दोन टक्के चालतो. गरमीत तो एका टक्क्याजवळ ठेवावा. त्याला वेग देणारं कोबाल्ट आधी रेझिनमध्ये ढवळावं, हार्डनर शेवटी. हे दोन्ही थेट एकमेकांत पडले तर भडका उडतो. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. चष्मा, हातमोजे आणि काचेच्या धुळीसाठी चांगला मास्क ही खर्चाच्या यादीतली पहिली ओळ असावी.

एवढी यातायात कशाला, नवीन होडीच घ्या, असं म्हणणारे भेटतात. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतून २०२० पासून होडी-जाळ्याला अनुदान मिळतं, ते घ्यावंच. पण जुनी कुठं टाकणार? हे रेझिन वितळत नाही, भंगारवाला घेत नाही, जाळलं तर विषारी धूर होतो. शिवाय सप्टेंबर २०२५ मध्ये सिंदफणेचं पाणी शिरूर कासारच्या बाजारपेठेत शिरलं होतं. अशा गावाजवळ पाण्यात घालता येईल अशी एक जास्तीची होडी असणं मला चैन वाटत नाही. कवच सगळीकडे लवत असेल, ठोकल्यावर निम्मी होडी बद्द वाजत असेल, तर मात्र हट्ट सोडावा.

काम झाल्यावर पहिली फेरी काठाजवळ, कमरेएवढ्या पाण्यात, माणसांऐवजी वाळूची पोती भरून करा. एकदा मुद्दाम पाणी भरून होडी तरंगते का तेही पाहा. मच्छीमार संस्थांच्या संचालकांना एकच विनंती: अंदाजपत्रकात जितकी माणसं बसणार तितकी लाइफ जॅकेटं लिहा. पैसे कमी पडत असतील तर रंग पुढच्या वर्षी द्या.