अंगणातली झाडे : लेखांक १२
धुळ्याची थंडी आणि दारातला पाम

खानदेशात झाड निवडताना जो तो उन्हाचा विचार करतो. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांवर जातो, त्यामुळे रोपवाटिकेत पहिला प्रश्न ‘उन्हाला टिकेल ना?’ हाच असतो. थंडीचे कोणी विचारत नाही. मग डिसेंबर-जानेवारीत कृषी महाविद्यालयातल्या नोंदीच्या हवाल्याने ‘धुळे ५ अंशांवर’ अशी बातमी येते, आणि आठवडाभरात बंगल्याच्या फाटकाशी लावलेल्या हौसेच्या झाडाची पाने कडेने तपकिरी पडू लागतात. मालक म्हणतो, पाणी कमी पडले. माळी म्हणतो, खत टाका. या दिवसांत दोन्ही उपाय आंधळेपणाने केले तर झाडाचे नुकसानच होते.

आज उदाहरणाला ट्रॅव्हलर्स पाम घेऊ. मुंबई-आग्रा महामार्गावरच्या हॉटेलांपासून नव्या कॉलन्यांपर्यंत मोरपिसाऱ्यासारखा उलगडलेला हा पंखा आता सगळीकडे दिसतो. नावात पाम असला तरी हा पाम नव्हे. मूळचा मादागास्करचा, आणि नात्याने केळीचा भाऊबंद. पान केळीसारखेच सुरळीतून उलगडते आणि वाऱ्याने केळीसारखेच फाटते. हे नाते लक्षात ठेवले की पुढचा अर्धा लेख रावेर-यावलच्या कोणत्याही केळीवाल्याला आधीच पाठ असतो.

उष्ण कटिबंधातल्या झाडाला इजा व्हायला पाणी गोठावे लागत नाही. केळे फ्रिजमध्ये ठेवले की साल काळी पडते. तिथे बर्फ झालेला नसतो, गारठ्याने पेशींची आवरणे बिघडलेली असतात. उभ्या झाडाचेही तसेच होते. पारा १० अंशांच्या खाली उतरला की केळीला नवे पान येणे जवळपास थांबते, निसवण लांबते, घड पोटातच अडकतो. शोभेच्या झाडाला घड नसतो म्हणून नुकसान चटकन कळत नाही, इतकेच. त्यातून आपल्याकडे दुपारी २८ अंश आणि पहाटे ७, हा फरक विचित्र आहे. सकाळचे ऊन पानावर पडते, पान पाणी सोडू लागते. पण मुळे अजून गारठलेली, ती पाणी उचलत नाहीत. कडा करपतात त्या अशा. पूर्वेकडच्या मोकळ्या बाजूची पाने आधी जातात, हे या आठवड्यात आपल्याच दारात पाहून घ्या.

बातमीतले ५ अंश जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवरच्या, सावलीच्या पेटीतल्या तापमापकाचे असतात. निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री जमीन आपली उष्णता थेट आकाशाला देऊन टाकते, आणि गवताच्या पातळीवर पारा आणखी तीन-चार अंशांनी उतरतो. म्हणजे पेटीत ५ असताना हिरवळीवर १-२ अंश असू शकतात. सातपुड्यात तोरणमाळ, डाब या भागात काही पहाटे दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात, तेव्हाही पेटीतला पारा शून्यावर असेलच असे नाही. गार हवा जड असते. ती उतरत जाऊन खोलगट जागी, नाल्याकाठी, कंपाउंडच्या भिंतीआड साचते. त्यामुळे एकाच गल्लीत एकाचे झाड करपते आणि दुसऱ्याचे तसेच राहते. ज्याच्या अंगणात निंब आहे त्याचे बहुधा राहते, कारण निंबाचा डेरा खालच्या झाडाला आकाशापासून झाकतो.

केळीवाले काय करतात? बागेच्या कडेने शेवरी किंवा गजराज गवताची दाट ओळ लावून उत्तरेचा वारा अडवतात. रात्री किंवा पहाटे पाणी देतात, कारण विहिरीचे पाणी हवेपेक्षा बरेच कोमट असते. बांधावर ठिकठिकाणी पालापाचोळा पेटवतात. यातले पहिले दोन उपाय आपण थोडे बदलून उचलावेत. वाऱ्यासाठी लहान झाडाच्या उत्तर-पूर्व बाजूला तुराट्यांचा किंवा कडब्याचा कूड उभा करा. तो झाडाच्या उंचीपेक्षा हातभर जास्त हवा. पाण्याच्या बाबतीत एक खाचखळगा आहे. ओली जमीन दिवसाची उष्णता कोरड्या जमिनीपेक्षा जास्त साठवते आणि रात्री परत देते. पण ठिबकने एक वीतभर वर्तुळ ओले झाले तर साठवण तेवढीच. ठिबकच्या गावी राहून हे म्हणणे धाडसाचे आहे, तरी कडाक्याची रात्र येणार असे दिसले की आदल्या दुपारी नळी बाजूला ठेवून बुंध्याभोवतीचे आळे पूर्ण भरावे. रोज मात्र नाही. थंडीत झाड पाणी कमी पिते, आणि सततच्या चिखलात मुळे कुजतात.

शेकोटीचे मात्र कॉलनीत काम नाही. धूर उष्णता अडवत नाही. उपयोग होतो तो आगीच्या उबेचा, आणि तोही वारा पडलेला असताना, अनेक लहान आगट्या असतील तर. एका फाटकापाशी पेटवलेल्या कचऱ्याने फक्त शेजाऱ्यांना खोकला होतो.

झाकण्याची पद्धत बहुतेक ठिकाणी चुकलेली दिसते. पानांवरून प्लास्टिक ओढून बुंध्याशी सुतळीने आवळलेले असते. ऊब येते जमिनीतून. बुंध्याशी तोंड बांधले की ती आत शिरायची वाटच बंद. शिवाय पातळ प्लास्टिकमधून उष्णता सहज निघून जाते, आणि पानाला ते जिथे चिकटते तिथेच पान करपते. त्यापेक्षा चार बांबू रोवा, त्यांवर गोणपाट किंवा जुनी चादर टाका आणि ती थेट जमिनीपर्यंत सोडून कडेने विटा ठेवा. कापड पानांना टेकू नये. संध्याकाळी ऊन उतरायच्या आत झाकावे, सकाळी नऊच्या सुमारास काढावे. ट्रॅव्हलर्स पामचे रोप लहान असेल तर त्याचा वाढीचा कोंब जमिनीलगत, म्हणजे सर्वात थंड थरात असतो. बुडाशी कोरड्या पाल्याचा वीतभर थर द्या, फक्त तो बुंध्याला भिडवू नका. तीन-चार मीटर वाढलेल्या झाडाचा कोंब वर, जरा उबदार हवेत असतो. त्याला झाकायच्या फंदात पडू नये. कुंड्या पश्चिमेच्या भिंतीशी सरकवा. दिवसभर तापलेली ती भिंत रात्री ऊब देते.

चाफ्याची गोष्ट वेगळी. पाने गाळून नुसत्या बोटांसारख्या फांद्या घेऊन तो उभा असतो, आणि लोक तो मेला समजून बादलीभर पाणी ओततात. तो विश्रांती घेतो आहे. या काळात त्याला जवळजवळ कोरडे ठेवावे. गार आणि ओल्या मातीत त्याचे बूड मऊ पडते, मग काही उपाय उरत नाही. केळीच्या भाऊबंदांना अशी विश्रांती ठाऊक नाही, म्हणून त्यांच्यासाठी एवढी धावपळ.

आता कात्री. पाने करपली की ती कापून झाड ‘स्वच्छ’ करायची घाई जानेवारीतच होते, आणि माझ्या मते थंडीपेक्षा जास्त झाडे या घाईने जातात. करपलेली पाने कुरूप दिसली तरी कोंबावर छत्री धरून असतात. छाटणी आणि नत्रखताने जी कोवळी फूट निघते ती पुढच्या गारठ्यात पहिली बळी पडते. होळी जळाली, थंडी पळाली असे आपण म्हणतोच. कात्री तेव्हाच काढावी. आधी नखाने साल हलकी खरवडून पाहा. खाली हिरवे असेल तर फांदी जिवंत. चाफ्याची टोके मऊ, सुरकुतलेली लागली तर पांढरा चीक वाहू लागेपर्यंत मागे कापत या. कापलेल्या जागी बोर्डोपेस्ट लावा: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. घरच्या एका झाडाला याचा विसावा भागही पुरतो, म्हणजे ५० ग्रॅम, ५० ग्रॅम आणि अर्धा लिटर. मोरचूद प्लास्टिकच्या भांड्यात भिजवा, लोखंडाच्या नको.