हूवर आणि लिनोलियम: एक नाव टिकलं, एक गेलं

ब्रिटनमधल्या मराठी घरांतही शनिवारी विचारलं जातं, “अगं, वरच्या खोलीत हूवर फिरवलास का?” व्हॅक्यूम क्लीनर डायसन या दुसऱ्या कंपनीचा असला तरी शब्द हूवरच. आपल्याकडे कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणायचे, तसंच हे.

गैरसमज: सगळ्यांच्या तोंडी बसलं की नावावरचा हक्क संपतो.

वस्तुस्थिती: हूवर कंपनी मूळची अमेरिकेतल्या ओहायोची. १९३३मध्ये पश्चिम लंडनमधल्या पेरिव्हेलला तिचा देखणा पांढरा कारखाना सुरू झाला. ब्रिटिशांनी तर तिच्या नावाचं क्रियापदच केलं. तरीही ते नाव तिथे आजही नोंदणीकृत आहे. ब्रिटनच्या १९९४च्या ट्रेडमार्क कायद्यानुसार नोंदणी रद्द व्हायला दोन गोष्टी लागतात: त्या व्यापारात ते वस्तूचं सर्वसाधारण नाव झालेलं असणं आणि तसं होण्यामागे मालकाची कृती किंवा निष्क्रियता असणं. पण डायसन किंवा दुसरा कुणी स्वतःचं यंत्र ‘हूवर’ म्हणून विकत नाही. ‘व्हॅक्यूम क्लीनर’ हा सर्वांचा शब्द त्यांच्या हाताशी आहे.

गैरसमज: नाव शोधून काढणाऱ्याचा त्यावर कायमचा अधिकार.

वस्तुस्थिती: इथे लिनोलियमची गोष्ट सांगायलाच हवी. जवसाच्या तेलापासून जमिनीवर अंथरायचं आच्छादन फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रज संशोधकाने बनवलं. १८६३मध्ये पेटंट घेतलं. जवस आणि तेल यांचे लॅटिन शब्द जोडून नावही त्यानेच घडवलं. पेटंटची मुदत संपल्यावर स्कॉटलंडमधल्या कर्कॉल्डीच्या नेर्न कंपनीने तीच वस्तू त्याच नावाने विकायला काढली. वॉल्टनची कंपनी कोर्टात गेली आणि १८७८मध्ये हरली. त्या वस्तूला दुसरं नावच नव्हतं. पेटंट संपल्यावर वस्तू बनवण्याची मुभा सर्वांना मिळाली. मग तिला काय म्हणायचं, याची मुभा नाकारणं म्हणजे मक्तेदारी मागच्या दाराने चालू ठेवणं झालं असतं. मला हा निकाल न्याय्य वाटतो, वॉल्टनबद्दल हळहळ वाटूनही.

गैरसमज: घरात ‘हूवर’ म्हणणं बेकायदा.

वस्तुस्थिती: मुळीच नाही. कायद्याचा संबंध व्यापारातल्या वापराशी आहे.

तुम्ही एखादी नवी वस्तू बाजारात आणणार असाल, तर ब्रँडच्या नावाबरोबर तिला सर्वांना वापरता येईल असं एक साधं नावही पहिल्याच दिवशी द्या. वॉल्टनने तेवढंच केलं नव्हतं.