अंगावरचे दूध : काही प्रचलित गैरसमज

गायकवाडांच्या राजवटीपासून वडोदरा शहरात मराठी कुटुंबांचे वास्तव्य आहे. दांडिया बाजार, रावपुरा या भागांतील मराठी घरांत महाराष्ट्र व गुजरात या दोन्ही प्रांतांच्या चालीरीतींचा मिलाफ आढळतो. बाळंतिणीची खोलीही त्यास अपवाद नाही. तेथे अळिवाच्या खिरीबरोबर काटलूचा पाक येतो आणि बाळाला मध चाटविण्याच्या मराठी चालीबरोबर गुळाच्या पाण्याची गुजराती 'गळथूथी'ही येते. या रीती मायेपोटी रूढ झाल्या, यात शंका नाही. तथापि, बाळाला काही चाटविण्यात जन्मानंतरचे पहिले मोलाचे तास निघून जातात.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील ८८.६ टक्के प्रसूती आरोग्य संस्थांत झाल्या. परंतु जन्मानंतर तासाभरात अंगावर पाजण्यात आलेल्या बालकांचे प्रमाण मात्र अवघे ४१.८ टक्के होते. या तफावतीची कारणे अनेक असली, तरी काही गैरसमजही त्यास कारणीभूत आहेत.

पहिला चीक

प्रसूतीनंतर प्रथम येणारे घट्ट, पिवळसर दूध बाळाला पचत नाही, असे समजून ते पिळून टाकले जाते. गाय व्यायली की तिच्या चिकाचा खरवस आपण आवडीने खातो. घरच्या बाळाच्या वाट्याचा चीक मात्र वाया घालवितो! हे दूध थोडे असते, पण नवजात बालकाची गरजही तेवढीच असते. त्यातील रोगप्रतिकारक द्रव्यांमुळे त्यास बाळाची पहिली लस म्हटले जाते.

'दूध पुरत नाही'

भरपूर दूध उतरण्यास बहुधा दोन ते चार दिवस लागतात. दरम्यान बाळ रडले की ते उपाशी आहे असे मानून बाटली दिली जाते. वास्तविक बाळ चोखू लागले की मातेच्या मेंदूस संदेश पोहोचतो आणि दूध निर्माण करणारी व ते वाहते करणारी संप्रेरके स्रवतात. बाटलीने पोट भरलेले बाळ कमी चोखते, म्हणून दूधही कमी येते. अशा रीतीने चुकीचा समज सर्वांच्या डोळ्यांदेखत खरा ठरतो! अळीव, डिंक पौष्टिक खरे. परंतु ते चोखण्याची जागा घेऊ शकत नाहीत. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजावे. पाचव्या-सहाव्या दिवसापासून बाळाला चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा लघवी होत असेल व वजन वाढत असेल, तर दूध पुरेसे आहे असे समजावे. तसे नसल्यास विनाविलंब डॉक्टरांना दाखवावे.

पाणी, गुटी आणि मध

वडोदऱ्याच्या कडक उन्हाळ्यात बाळाला तहान लागेल, ही चिंता स्वाभाविक आहे. परंतु मातेच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असते. म्हणून पहिले सहा महिने वरचे पाणी वा गुटी देऊ नये. मधातील विशिष्ट जंतूंमुळे वर्षाच्या आतील बालकास गंभीर विषबाधा होऊ शकते. म्हणून मधाचे बोटही टाळावे.

आजारपण व शस्त्रक्रिया

साधा सर्दी-ताप आल्यास पाजणे थांबविण्याचे कारण नाही. सिझेरियननंतरही परिचारिकेच्या मदतीने लवकरच पाजता येते. औषधे चालू असल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

वरचे दूध

शेजारच्या आणंदमुळे दुधासाठी प्रसिद्ध झालेल्या या प्रदेशात गाई-म्हशीच्या दुधावर लोकांचा विश्वास असणे साहजिक आहे. परंतु ते दूध वासराच्या वाढीसाठी असते. शिशुदुधाच्या भुकटीची व बाटल्यांची जाहिरात करण्यास १९९२ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. वैद्यकीय कारणाने डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज भुकटीचे दूध देऊ नये.

सहा महिन्यांनंतर मऊ वरणभातासारखे पूरक अन्न सुरू करून दोन वर्षे वा त्याहून अधिक काळ अंगावर पाजावे. नवमाता थकलेली असते. निर्णय बहुधा आजी व सासूबाई घेतात. त्यांनी प्रसूतीपूर्वीच डॉक्टरांशी व परिचारिकेशी बोलून ठेवावे आणि बाळ जन्मताच मधाची वाटी दूर ठेवून ते आईच्या कुशीत द्यावे.