नको झालेल्या कासवाचे काय करावे?

लाल कानाचे कासव, म्हणजेच रेड-इअर्ड स्लायडर, मूळचे अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले. भारतात हौसेने पाळल्या जाणाऱ्या परदेशी कासवांत सर्वाधिक आढळणारी जात हीच. अंड्यातून नुकतेच बाहेर पडलेले पिल्लू जेमतेम ३ सेंटिमीटर लांब असते, दहा रुपयांच्या नाण्याहून किंचित मोठे. पाठ हिरवीगार, मानेवर पिवळ्या रेघा आणि डोळ्यामागे ठसठशीत लाल पट्टा. दुकानातून घरी येते ते या वयात. पुढे मादी २५ ते ३० सेंटिमीटरपर्यंत वाढते आणि नीट सांभाळल्यास ३० वर्षेही जगते. काचेची पेटी अपुरी पडू लागते, पाण्याला वास सुटतो, हात लावताच कासव चावायला बघते. मग घरात कुणीतरी सुचवते, तळ्यात सोडून देऊ, बिचारे मोकळे जगेल.

डहाणू आणि तलासरी तालुक्यांत अशा जागांची वाण नाही. चिकूच्या वाड्यांतल्या विहिरी, शेततळी, गावतलाव, तलासरीतले कुर्झे धरण, कासाजवळून वाहणारी सूर्या नदी. नेमके म्हणूनच हे सोडणे इथे धोक्याचे आहे. किनारपट्टीच्या उबदार हवेत या कासवाला थंडीने मरण्याची भीती नाही. पावसाळ्यात तळे भरून वाहू लागले की कासव ओढ्याने नदीला मिळते आणि सूर्येतून पुढे वैतरणेपर्यंत पोचू शकते. एकटी मादी सोडली तरी धोका उरतोच. नराशी संबंध येऊन बराच काळ लोटल्यावरही कासवाची मादी साठवलेल्या शुक्राणूंच्या बळावर फलित अंडी घालू शकते.

जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० परकीय जातींच्या यादीत या कासवाचे नाव आहे. युरोपीय संघाने १९९७ मध्ये त्याची आयात थांबवली, तर जपानने २०२३ मध्ये विक्रीवर आणि मोकळ्या पाण्यात सोडण्यावर बंदी घातली. फ्रान्समधल्या प्रयोगांत स्थानिक कासवांना या पाहुण्यांबरोबर एकाच तळ्यात ठेवले, तेव्हा ऊन खाण्याच्या चांगल्या जागा पाहुण्यांनी बळकावल्या. कासव शीतरक्ताचे असल्यामुळे ऊन मिळाले नाही तर त्याचे पचनही मंदावते. त्या तळ्यांत स्थानिक कासवांचे वजन घटले, काही मेलीही. भारतात केरळमधल्या त्रिशूरजवळच्या कळत्तोड कालव्यात २०१८ मध्ये ही कासवे सापडली आणि पीचीच्या वनसंशोधन संस्थेला ती गोळा करण्याचे काम हाती घ्यावे लागले. गुवाहाटीजवळच्या दीपोर बीलमध्येही ती पोचली आहेत.

समुद्रात सोडणे तर शुद्ध क्रौर्य आहे. समुद्री कासवांच्या डोळ्यांजवळ जादा मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात. गोड्या पाण्यातल्या या कासवाला ती सोय नाही, त्यामुळे खाऱ्या पाण्यात त्याच्या शरीरातले पाणी हळूहळू आटत जाते.

म्हणून आधी कासव ओळखायला हवे. पायांना नखे आणि बोटांमध्ये पडदे, पाठ कडक आणि डोळ्यामागे लाल पट्टा असेल तर ते परदेशी. वय वाढले की हा पट्टा फिका होतो, तेव्हा मानेवरच्या पिवळ्या रेघा पाहाव्यात. पाठ कातड्यासारखी मऊ असेल आणि पोटाच्या मागच्या बाजूला पाय आत घेतल्यावर मिटणाऱ्या दोन झडपा असतील, तर ते आपल्याकडचे झडपांचे मऊ कासव. पाणी स्वच्छ राहते या समजुतीने ते अनेकदा विहिरीत सोडले जाते. विहिरीच्या बांधीव कडांवरून त्याला वर येता येत नाही आणि मादीला अंडी घालायला माती मिळत नाही. चांदणीसारखी पिवळी नक्षी असलेले स्टार कासव जमिनीवर राहणारे, तेही भारतीयच. ही दोन्ही कासवे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ती घरात ठेवणे हा गुन्हा असून त्याला ३ ते ७ वर्षांच्या कैदेची तरतूद आहे.

भारतीय कासव सापडले किंवा घरात असले तर वनविभागाला कळवावे. राज्याच्या वनविभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे. तपासणीनंतर निरोगी कासवाला त्याच्या जातीची वस्ती असलेल्या पाण्यात सोडता येते. ती जागा ठरवणे मात्र वनखात्याचे काम. डहाणूत पारनाक्याला वनविभाग आणि वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन अँड अ‍ॅनिमल वेल्फेअर असोसिएशन मिळून कासव उपचार केंद्र चालवतात. जाळ्यांत अडकून जखमी झालेली किंवा पावसाळ्यात किनाऱ्याला लागलेली ऑलिव्ह रिडले आणि हिरवी कासवे तिथे येतात. ते केंद्र समुद्री कासवांसाठी आहे. पाळलेल्या परदेशी कासवाबद्दल तिथे परस्पर पेटी नेऊन ठेवण्याऐवजी आधी विचारणे योग्य. आजारी कासवांच्या टाक्यांशेजारी अनोळखी कासव ठेवले तर रोगांची देवाणघेवाण होऊ शकते.

परदेशी कासवाला निसर्गात परतायची वाट नाही, त्यामुळे त्याला जन्मभर सांभाळणारे घर किंवा संस्थाच शोधावी लागते. नेताना ते पाण्यात नको. भोके पाडलेल्या खोक्यात ओलसर फडक्यावर ठेवावे. नव्या घरी आधीची कासवे असतील तर काही आठवडे वेगळे ठेवणे बरे. कासवाच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात, म्हणून हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत आणि लहान मुलांना लांब ठेवावे. अमेरिकेने याच कारणासाठी १९७५ मध्ये ४ इंचांहून लहान कासवांची विक्री बंद केली.

नको झालेली कासवे बहुतेक वेळा आजारी अवस्थेत येतात. वर्षानुवर्षे केवळ सुके झिंगे खाल्ल्याने अ जीवनसत्त्व कमी पडते, पापण्या सुजून डोळे मिटतात, आणि दिसत नाही म्हणून कासव खाणे सोडते. कॅल्शियम आणि ऊन मिळाले नाही तर कवच बोटाने दाबल्यावर दबते. मोठ्या कासवाला पालेभाज्या, पाणवनस्पती आणि अधूनमधून मासा लागतो. मोकळेपणी पोहता येईल इतके खोल पाणी, पूर्ण कोरडे होता येईल असा दगड आणि थेट ऊन हवे. काचेतून आलेल्या उन्हात अतिनील किरणांचा उपयोगी भाग उरत नाही. मादी असेल तर मातीचा एक कोपराही लागतो. नर नसला तरी ती अंडी धरते, आणि उकरायला माती मिळाली नाही तर अंडी पोटातच अडकून ती दगावू शकते.